श्रोत्यांची मोजदाद

१

वाचक किती आणि श्रोते किती, हा प्रश्न लेखकाच्या व वक्त्याच्या मनांत नेहमींच असतो. पण त्याचें उत्तर आंकड्यांनीं देतां येईल ही कल्पना फार जुनी नाहीं. गेल्या पाव शतकांत ब्लॉग आणि पॉडकास्ट हे दोन नवे प्रकार आपल्या वाङ्मयव्यवहारांत रूढ झाले. पहिल्याच्या योगानें कोणीही मनुष्य संपादक, छापखाना व टपाल यांवांचून आपला लेख प्रसिद्ध करूं शकतो. दुसऱ्याच्या योगानें तोच मनुष्य नभोवाणीच्या केंद्रावांचून आपला आवाज हजारों कानांपर्यंत पोंचवूं शकतो. या दोहोंच्या बरोबर एक तिसरी गोष्ट आली, व तिच्याकडे मात्र आपलें पुरेसें लक्ष गेलेलें नाहीं. ती म्हणजे वाचक-श्रोत्यांची अहोरात्र आपोआप चालणारी मोजदाद. पूर्वीच्या संपादकास वर्षअखेर वर्गणीदारांची वही पाहून जें कळे, तें आजच्या लेखकास घटकेघटकेस कळतें. निदान कळतें असें त्यास वाटतें. हें वाटणें कितपत खरें आहे, आणि या मोजदादीचा मराठी लेखनावर व भाषणावर काय परिणाम झाला, याचा विचार इतिहासाच्या अंगानें करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

या विचारास राजगुरुनगर हें ठिकाण सोयीचें आहे. पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या रस्त्यावर भीमेच्या कांठीं वसलेलें हें जुनें खेड. हुतात्मा शिवराम हरि राजगुरु यांचा जन्म १९०८ सालीं येथें झाला व पुढें त्यांचेंच नांव गांवास मिळालें. तालुका मात्र अद्यापि खेड या नांवानेंच ओळखला जातो. या एकाच तालुक्यांत आळंदी आहे, चाकण आहे, आणि पश्चिमेस भीमाशंकराच्या डोंगरांकडे गेलेल्या वाड्याही आहेत. म्हणजे कीर्तनास बसणारा वारकरी, बाजारास कांदा-बटाटा घेऊन येणारा शेतकरी, व मोटारींच्या कारखान्यांत पाळीनें काम करणारा कामगार हे तिन्ही प्रकारचे श्रोते येथें कांहीं कोसांच्या अंतरांत सांपडतात. मोजदादीचीं निरनिराळीं यंत्रें या तिघांपैकीं कोणास मोजतात व कोणास वगळतात हें पाहूं लागलें, म्हणजे सबंध प्रश्नाचें स्वरूप ध्यानांत येतें.

२

आळंदीपासूनच आरंभ करणें योग्य होईल. ज्ञानेश्वरांनीं १२९० मध्यें नेवासें येथें गीतेवरील आपली टीका सांगितली आणि १२९६ मध्यें आळंदीस समाधि घेतली. त्या ग्रंथांत श्रोत्यांना उद्देशून केलेली प्रार्थना ठिकठिकाणीं आढळते, आणि ती 'अवधान' द्यावें एवढीच असते. समोर किती जण बसले आहेत याची तेथें पृच्छा नाहीं; जे बसले आहेत त्यांचें चित्त येथें आहे कीं अन्यत्र, हा प्रश्न आहे. पुढें कीर्तनाच्या परंपरेनें हीच दृष्टि कायम ठेविली. भजनाचा गजर कसा उठतो, आख्यानाच्या ऐन भरांत मंडपांत शांतता कशी पसरते, कोण पेंगतो आणि कोण पुढें सरकून बसतो, यांवरून कीर्तनकारास आपल्या श्रोतृवृंदाची परीक्षा होते. पेंगणारा श्रोता डोकीं मोजतांना एक भरतो, पण अवधानाच्या हिशेबीं तो शून्यच होय.

संख्या आणि अवधान या दोन वस्तु भिन्न आहेत, ही गोष्ट येथें प्रारंभींच नमूद करून ठेवितों. पुढील सबंध इतिहास म्हणजे संख्या मोजण्याचीं साधनें सुधारत गेल्याचा व अवधान मोजण्याचें काम मागें पडत गेल्याचा इतिहास आहे. त्यास एक महत्त्वाचा अपवाद आहे, व तो याच प्रांतांत घडला. त्याकडे आपण क्रमानें येऊं.

३

मुद्रणकला आली तेव्हां श्रोत्याचा वाचक झाला आणि तो वक्त्याच्या नजरेआड गेला. बाळशास्त्री जांभेकरांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईंत 'दर्पण' काढलें, व तें १८४० पर्यंत चाललें. वर्गणी देणाराचें नांव वहींत असे. पण त्याच्या घरीं तो अंक किती जण वाचीत, किंवा तो स्वतः तरी वाची कीं नाहीं, हें कळण्यास मार्ग नव्हता. लोकहितवादींचीं शतपत्रें १८४८ पासून 'प्रभाकरा'ंत येऊं लागलीं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७४ मध्यें 'निबंधमाला' सुरू केली आणि तिचे ८४ अंक जवळ जवळ एकहातीं लिहून काढिले. एकाच व्यक्तीनें ठराविक काळानें, आपल्या मनास येईल त्या विषयावर, कोणाची मुर्वत न ठेवतां लिहावें हा जो ब्लॉगचा धर्म म्हणून आज सांगितला जातो, त्याचें मराठींतील पूर्वरूप येथें स्पष्ट दिसतें. 'निबंधमाले'चा प्रभाव तिच्या वर्गणीदारांच्या संख्येवरून कोणी ठरवूं गेला असता, तर त्याचा निष्कर्ष सर्वस्वीं चुकला असता. तो प्रभाव पुढच्या पिढीच्या गद्यांत, शाळांत आणि वृत्तपत्रांत उमटला. म्हणजे वाचकांनीं जें वाचलें त्याचें पुढें काय केलें, त्यावरून तो कळला.

खेडेगांवांतील वाचनाची रीत तर या मोजणीस मुळींच सांपडण्यासारखी नव्हती. गांवांत एक अंक येई. शाळामास्तर किंवा दुसरा कोणी साक्षर गृहस्थ चावडीवर अथवा देवळांत तो मोठ्यानें वाची. ऐकणारे दहा असत कीं पन्नास असत, टपालखात्याच्या दृष्टीनें अंक एकच. वाचनाची ही सामुदायिक पद्धति ध्यानांत ठेवावी. कारण दीडशें वर्षांनीं मोबाइलच्या रूपानें ती पुन्हा भेटणार आहे.

संख्येची खरी निकड लेखकास नव्हे, तर जाहिरातदारास भासली. आपण जागेचे पैसे देतों त्या पत्राचा खप खरोखर किती, हें त्यास हवें होतें, आणि मालकाच्या तोंडच्या आंकड्यावर त्याचा विश्वास नव्हता. यासाठीं अमेरिकेंत १९१४ सालीं व हिंदुस्थानांत १९४८ सालीं खप तपासणाऱ्या संस्था निघाल्या. 'ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स' हें तिचें नांव. ही संस्था विकलेल्या प्रति मोजते, वाचक मोजीत नाहीं. आणि तिनें तसा दावाही केला नाहीं. घरोघर जाऊन वाचकांची पाहणी करण्याचें काम पुढें निराळ्या संस्थांनीं हातीं घेतलें, व १९९५ पासून 'इंडियन रीडरशिप सर्व्हे' हें त्यांतील प्रमुख नांव झालें. येथें एक नियम दिसून येतो, तो असा कीं, मोजणीचा खर्च जो करतो त्याच्या गरजेपुरतेंच मोजलें जातें. पैसे देणारा बदलला कीं मोजण्याची वस्तुही बदलते.

४

नभोवाणीनें हा प्रश्न अधिक बिकट केला. छापील अंकाची निदान प्रत तरी हातीं असते. आवाज हवेंत विरून जातो. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईंत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें केंद्र सुरू झालें. ऐकणारास वर्षाकांठीं दहा रुपयांचा परवाना घ्यावा लागे, व त्या उत्पन्नांतून कंपनीचा मोठा भाग भागावयाचा होता. १९३० सालीं कंपनी बुडाली तेव्हां सबंध देशांतील परवाने आठ हजारांच्याही आंत होते. चोरून ऐकणारे किती होते याची गणतीच नाहीं. परवाना यंत्राचा असे, मनुष्याचा नसे. हॉटेलांतील एका यंत्राभोंवतीं सारी पेठ गोळा झाली तरी परवाना एकच. सरकारनें तें काम हातीं घेतलें, १९३६ मध्यें त्यास 'ऑल इंडिया रेडिओ' हें नांव मिळालें, आणि पुण्याचें केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजीं उघडलें.

पाश्चात्य देशांत या सुमारास दोन भिन्न मार्ग चोखाळले गेले होते. अमेरिकेंत नभोवाणी जाहिरातींवर चाले. म्हणून तेथें १९३० पासून क्रॉस्ले यांनीं टेलिफोनवरून 'काल आपण काय ऐकलें' असें विचारण्याची पद्धति सुरू केली, व पुढें नील्सन यांनीं यंत्राला जोडलेला, कोणतें केंद्र लाविलें आहे तें टिपून ठेवणारा मापक आणिला. इंग्लंडांत बी. बी. सी. जाहिराती घेत नसे. तेथें १९३६ मध्यें रॉबर्ट सिल्व्ही यांच्या हाताखालीं जें श्रोतृसंशोधन सुरू झालें, त्यांत किती जणांनीं ऐकलें याच्या जोडीला कार्यक्रम आवडला कीं नाहीं व कां, हेंही विचारलें जाई.

५

आतां वर सांगितलेल्या अपवादाकडे वळूं. फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या अवधींत पुणें केंद्रानें एक प्रयोग केला. कॅनडांत १९४१ पासून शेतकऱ्यांचीं नभोवाणी-मंडळें चालत होतीं. त्यांच्या नमुन्यावर, युनेस्कोच्या साह्यानें, त्या वेळच्या मुंबई राज्यांतील पांच मराठी जिल्ह्यांत, म्हणजे पुणें, अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर), नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर यांत, सुमारें दीडशें गांवें निवडण्यांत आलीं. प्रत्येक गांवीं साधारण वीस जणांचें एक मंडळ असे. दहा आठवडे, आठवड्यांतून दोन सायंकाळीं, अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागे. एकूण वीस कार्यक्रम झाले. शेती, आरोग्य, शिक्षण, गांवकारभार असे त्यांचे विषय होते. कार्यक्रम संपला कीं यंत्र बंद करून मंडळी चर्चेस बसत, आणि चर्चेचा वृत्तान्त व उद्भवलेले प्रश्न पुण्यास पाठवीत. त्यांचीं उत्तरें पुढील कार्यक्रमांत मिळत. ऐका, चर्चा करा, कृति करा, हें त्या प्रयोगाचें सूत्र होतें.

आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट म्हणजे या प्रयोगाची मोजदाद. ती मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे सोंपविली होती, व तिचा अहवाल जगदीशचंद्र माथुर आणि पॉल न्यूराथ या दोघांच्या नांवानें युनेस्कोनें १९५९ मध्यें प्रसिद्ध केला. त्यांत मंडळें असलेल्या गांवांच्या जोडीला मंडळें नसलेलीं गांवेंही पाहिलीं. लोकांना आधीं काय ठाऊक होतें आणि नंतर काय ठाऊक झालें, हें दोन वेळां प्रश्न विचारून ताडून पाहिलें. मंडळांच्या चर्चांना पाहणी करणारे स्वतः बसले. निष्कर्ष असा निघाला कीं, जेथें मंडळें होतीं तेथें माहितीची वाढ ठळक झाली. जेथें तीं नव्हतीं तेथें, गांवांत रेडिओ असूनही, ती किरकोळच राहिली. म्हणजे एकच आवाज, तोच अर्धा तास, तोच विषय; फरक एवढाच कीं एके ठिकाणीं ऐकणारीं माणसें एकमेकांशीं बोललीं, व दुसऱ्या ठिकाणीं बोललीं नाहींत.

या पाहणींत पैसे देणारा जाहिरातदार नव्हता. म्हणूनच तिला असे प्रश्न विचारतां आले, कीं जे त्यापूर्वीं व त्यानंतरही क्वचितच विचारले गेले: ऐकून काय कळलें, कळल्यावर काय केलें, आणि नवें काय विचारावेंसें वाटलें. १९५९ नंतर हीं मंडळें देशभर पसरलीं. संख्या वाढली, पण प्रत्येक मंडळाच्या पत्राला उत्तर देण्याची जी जिवंत देवघेव पुण्याच्या प्रयोगांत होती ती विस्तारांत टिकली नाहीं, आणि हळूहळू ती चळवळ ओसरली. संख्येनें अवधानास गिळल्याचें हें एक उदाहरणच म्हणावें लागेल.

पुढें खाजगी एफ. एम. वाहिन्या निघाल्या तेव्हां मोजणी पुन्हा जाहिरातीच्या हातीं गेली. २००७ सालीं 'टॅम' या संस्थेनें श्रोत्यांस रोजनिशी भरावयास देऊन नभोवाणीची गणना सुरू केली. ती मुंबई, दिल्ली, बंगळूर आणि कोलकाता अशा महानगरांपुरती होती. राजगुरुनगरच्या श्रोत्यानें काय ऐकलें हें विचारण्याचें त्या पद्धतींत कारणच नव्हतें. १९५६ मध्यें ज्या जिल्ह्यांतील खेडुताचें मत ऐकून घेण्यास पाहणी करणारे गांवीं गेले, त्याच जिल्ह्यांतील श्रोता पन्नास वर्षांनीं हिशेबाच्या बाहेर राहिला.

६

ब्लॉगचा जन्म या पार्श्वभूमीवर झाला. 'वेबलॉग' हा शब्द डिसेंबर १९९७ मध्यें जॉर्न बार्गर यांनीं योजिला. १९९९ मध्यें त्याचें 'ब्लॉग' असें लघुरूप झालें, आणि त्याच वर्षीं 'ब्लॉगर' ही फुकट लेखनाची सोय निघाली. ती २००३ मध्यें गूगलनें विकत घेतली. मराठी मंडळी तत्पूर्वींच जाळ्यावर जमूं लागलीं होतीं. परदेशस्थ मराठी माणसांच्या पुढाकारानें 'मायबोली' १९९६ सालींच सुरू झालें होतें. अडचण होती ती लिपीची. युनिकोडमध्यें देवनागरीस १९९१ पासून स्थान असलें तरी सामान्य संगणकांत त्याची सोय रूढ होण्यास २००० साल उजाडावें लागलें. तोंवर कोणी रोमी अक्षरांत मराठी लिही, कोणी स्वतःचा टंक वाचकाच्या गळ्यांत मारी. लिपीची अडचण दूर होतांच मराठी अनुदिन्या भराभर निघाल्या. प्रवासवर्णनें, पाककृति, पुस्तकपरीक्षणें, किल्ल्यांच्या भ्रमंत्या, परदेशांतील संसाराच्या हकीकती, असे त्यांचे नाना विषय होते. ज्या गृहिणीचें किंवा अभियंत्याचें लेखन कोणत्याही संपादकाच्या टेबलापर्यंत गेलें नसतें, तें वाचकांसमोर आलें, ही त्या काळाची मोठीच कमाई होय. 'स्टार माझा' या वृत्तवाहिनीनें 'ब्लॉग माझा' ही स्पर्धाही भरविली, व तिच्यांत निवड परीक्षकांनीं केली, आंकड्यांनीं नव्हे.

परंतु आंकडे तर लेखाच्या कडेलाच बसले होते. आरंभीं पानाच्या तळाशीं एक गणकयंत्र असे. 'हिट' या नांवाखालीं जो आंकडा दाखविला जाई तो मोठा फसवा होता. कारण पानावर दहा चित्रें असलीं तर एकदां पान उघडल्यानें अकरा हिट नोंदले जात. मग पानांच्या भेटी मोजूं लागले. मग निरनिराळे पाहुणे. २००५ सालीं गूगलनें हें मोजण्याचें साधन सर्वांना फुकट दिलें. पण येथेंही 'पाहुणा' म्हणजे मनुष्य नव्हे. पाहुणा म्हणजे संगणकावर ठेविलेली एक खूण. कचेरींत एकदां व घरीं एकदां वाचणारा एकच गृहस्थ दोन ठरे; आणि घरांतील एकाच संगणकावर आळीपाळीनें वाचणारीं चार माणसें एक ठरत. नवे लेख आपोआप आणून देणाऱ्या वाचनसाधनांतून जो वाची तो तर पानावर येतच नसे. 'फीडबर्नर'सारखी संस्था या वर्गणीदारांची निराळी मोजदाद देई. गूगलचें तें वाचनसाधन १ जुलै २०१३ रोजीं बंद झालें, आणि अनेक लेखकांचे नित्याचे वाचक पांगले.

जागतिक गणना मात्र डोळे दिपविणारी होती. 'टेक्नोराटी' या संस्थेनें एप्रिल २००६ मध्यें साडेतीन कोटींवर ब्लॉग मोजले. त्यांतील किती चालू होते व किती पहिल्या दोन लेखांनंतर ओस पडले होते, हा प्रश्न वेगळाच. मराठीस या गणनेंत कांहीं स्थान नव्हतें. याहून परिणामकारक गोष्ट पैशाची होती. लेखाशेजारीं जाहिरात लावून लेखकास वांटा देणारी गूगलची योजना ज्या भाषांना लागू होती, त्यांत हिंदीचा समावेश २०१४ च्या अखेरीस झाला, आणि मराठीचा त्यानंतर कांहीं वर्षांनीं. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें आठ कोटींहून अधिक लोकांची ही मातृभाषा. पण मराठी ब्लॉगांच्या ऐन बहराच्या दहा वर्षांत मराठी वाचक मोजला जात होता, पण त्यास किंमत नव्हती. मोबदला नाहीं, आणि मोजदाद मात्र रोज डोळ्यांसमोर. अशा स्थितींत लेखकाचें मन खचलें तर नवल नाहीं. तेवढ्यांत फेसबुक आलें. तेथें अंगठा उंचावण्यास श्रम पडत नाहींत. पुष्कळ अनुदिन्यांचे शेवटचे लेख याच काळांतले आहेत.

७

पॉडकास्टची हकीकत याहून विलक्षण आहे. लेखांच्या सूचीबरोबर ध्वनिही पाठविण्याची युक्ति २००० च्या डिसेंबरांत डेव्ह वाइनर यांनीं प्रमाणांत घातली. फेब्रुवारी २००४ मध्यें 'गार्डियन' पत्रांत बेन हॅमर्सली यांनीं 'पॉडकास्टिंग' हा शब्द प्रथम वापरला. जून २००५ मध्यें ॲपलनें आपल्या संगीतभांडारांत पॉडकास्टांना जागा दिली व दोनच दिवसांत दहा लाख वर्गण्या नोंदल्याचें जाहीर केलें. वर्गण्या, श्रोते नव्हेत. हा फरक तेव्हांही फारसा कोणी बोलून दाखविला नाहीं.

येथें मोजावयाची वस्तु 'डाउनलोड', म्हणजे यंत्रानें यंत्राकडून घेतलेली प्रत. ती ऐकली कीं पडून राहिली हें पाठविणारास समजत नाहीं. या गोंधळांत शिस्त आणण्यासाठीं जाहिरात-व्यवसायाच्या 'इंटरॲक्टिव्ह ॲडव्हर्टायझिंग ब्यूरो' या संस्थेनें नियम केले. त्यांची दुसरी आवृत्ति डिसेंबर २०१७ ची आहे. निदान एक मिनिटाइतका ध्वनि उतरला पाहिजे; यंत्रमानवांच्या मागण्या वगळल्या पाहिजेत; आणि एकाच जाळेपत्त्यावरून, एकाच जातीच्या साधनानें, चोवीस तासांत तोच भाग पुन्हा मागितला तर तो एकदांच धरावा, असे त्यांतील मुख्य नियम. नियम समंजस आहेत. पण ते कोणत्या समाजाचें चित्र मनांत धरून केले आहेत हें पाहावें. एक घर, एक पत्ता, एक कान!

हे नियम चाकणला लावून पाहूं. येथील कारखान्यांत निरनिराळ्या प्रांतांतून आलेले तरुण एकेका खोलींत चौघे-पांच जण राहतात. एकाच वाय-फायवर, एकाच बनावटीच्या मोबाइलवर, तिघांनीं एकच भाग ऐकला तर नियमाप्रमाणें श्रोता एक. उलट तोच तरुण खोलींत एकदां वाय-फायवर ऐकेल व पाळीच्या बसमध्यें मोबाइलच्या जाळ्यावर पुन्हा लावील, तर श्रोते दोन. घरीं स्वयंपाक करतांना आईनें लाविलेली गोष्ट सासूबाई, मुलें व शेजारीण ऐकतात, ती एकच. आणि कोणीं तीच ध्वनिफीत व्हॉट्सॲपवरून गांवच्या मंडळींस धाडली, तर पुढील शेंकडों श्रोते हिशेबांत येतच नाहींत. चावडीवर वाचल्या जाणाऱ्या अंकाची कथा ती हीच.

या मोजणीचा ठिसूळपणा २०२३ च्या शरदऋतूंत सर्वांच्या प्रत्ययास आला. ॲपलनें आपल्या नव्या प्रणालींत आपोआप उतरून घेण्याची रीत बदलली. जो श्रोता बरेच दिवस ऐकत नाहीं त्याच्यासाठीं नवे भाग साठविणें थांबविलें. त्याबरोबर जगभरच्या पुष्कळ कार्यक्रमांचे आंकडे घसरले. खरा श्रोता एकही गेला नव्हता; जे गेले ते कधींच ऐकत नव्हते. वर्षानुवर्षें ज्या संख्येवर दर ठरले, तीपैकीं कांहीं भाग न ऐकलेल्या प्रतींचा होता, एवढेंच उघडकीस आलें.

मराठींत ही विद्या उशिरां पण जोमानें आली. २०१६ नंतर मोबाइलवरील जाळें स्वस्त झालें. २०१७ मध्यें 'स्टोरीटेल'नें हिंदुस्थानांत पाऊल टाकिलें व मराठी श्राव्य पुस्तकें मिळूं लागलीं. त्याच वर्षीं २ ऑक्टोबर रोजीं बी. बी. सी. मराठी सुरू झाली, व पुढें तिनें 'सोपी गोष्ट', 'गोष्ट दुनियेची' अशा श्राव्यमालिका काढिल्या. 'मित्रम्हणे', 'अमुक तमुक' यांसारख्या गप्पांच्या मालिकांनीं दीर्घ मराठी संभाषण ऐकण्याची गोडी लाविली. बहुतेक गप्पा आतां यूट्यूबवर चित्रासह असतात. फेब्रुवारी २०२५ मध्यें यूट्यूबनें आपल्याकडे पॉडकास्ट पाहणारे-ऐकणारे दरमहा १०० कोटींवर असल्याचें सांगितलें. तेथें मनुष्य कितव्या मिनिटास उठून गेला याचा आलेखही लेखक-वक्त्यास मिळतो. हा आलेख अवधानाच्या सर्वांत जवळ जातो असें म्हणतात. परंतु उठून गेलेला कंटाळून गेला कीं बसचा थांबा आला म्हणून गेला, हें तो आलेख सांगत नाहीं. आणि शेवटपर्यंत चालू राहिलेल्या यंत्रासमोर कोणी जागा होता कीं नाहीं, हेंही सांगत नाहीं.

८

कोणी म्हणेल, मोजणी अपुरी असली तरी नसण्यापेक्षां बरी. तें खरें आहे. जाहिरातदारास कांहीं तरी माप हवें, आणि त्याच्या पैशावांचून निर्मात्याचा चरितार्थ चालत नाहीं. ज्यानें ध्वनिमुद्रणास वेळ व पैसा घातला त्यास आपली वस्तु कोणीं घेतली हें जाणण्याचा अधिकार आहे. आमचा आक्षेप मोजण्यास नाहीं. एका प्रकारच्या मोजणीचा निकाल दुसऱ्या प्रश्नावर लादण्यास आहे. डाउनलोडची संख्या जाहिरातीचा दर ठरविण्यास योग्य असेल. पण ती कमी आली म्हणून कामगारकायद्यावरील, खेड तालुक्याच्या इतिहासावरील किंवा मराठी व्याकरणावरील एखादी मालिका निरुपयोगी ठरत नाहीं. दुर्दैवानें ठरविणारा बहुधा निर्माता स्वतःच असतो. रोज सकाळीं आंकडा पाहावयाचा, तो शेंकड्याच्या घरांत असला कीं खिन्न व्हावयाचें, आणि बाराव्या भागानंतर मौन धरावयाचें. अशा किती मालिका बंद पडल्या असतील! शंभर श्रोते म्हणजे १९५६ च्या हिशेबानें पांच गांवांचीं मंडळें होत. पांच गांवीं आपला शब्द लक्ष देऊन ऐकला जातो, यास त्या काळीं कोणी अपयश म्हटलें नसतें.

साताऱ्याच्या दुष्काळी भागांत म्हसवड येथें २००८ पासून 'माणदेशी तरंग' हें लोकरेडिओचें केंद्र चालत आलें आहे. त्याचा आवाज थोड्या कोसांपलीकडे जात नाहीं. पण ज्यांच्यासाठीं तो आहे त्यांना तो ओळखतो, व तीं माणसें केंद्राच्या दारांत येऊन बोलतात. अशा केंद्राची योग्यता महानगरांच्या रोजनिशींत मोजूं गेल्यास हातीं कांहींच लागणार नाहीं.

आपल्या राज्यांत १९६७ च्या कायद्यानें सार्वजनिक ग्रंथालयांची व्यवस्था गांवोगांवीं गेलेली आहे. एखाद्या तालुक्याच्या ग्रंथालयानें आठवड्यांतून एक सायंकाळ मराठी श्राव्यमालिकेचा एक भाग मंडळींस ऐकवावा, नंतर यंत्र बंद करून तासभर चर्चा करावी, आणि उद्भवलेले प्रश्न निर्मात्याकडे धाडावे; यास खर्च जवळ जवळ नाहींच. पूर्वीं पत्रास पुण्यास जाऊन उत्तर येण्यास जो अवधि लागे तोही आज लागणार नाहीं. निर्मात्यानें एक प्रश्न स्वीकारून पुढील भागांत त्याचें उत्तर दिलें, तर श्रोत्यास आपण ऐकले गेलों असें वाटेल. अशा दहा मंडळांचा वृत्तान्त एका वहींत नीट लिहून ठेविला, तर मराठी श्रोत्याविषयीं आज कोणत्याही गणकयंत्राजवळ नाहीं असें ज्ञान आपल्या हातीं येईल. राजगुरुनगरास, चाकणास व आळंदीस अशीं तीन मंडळें निघालीं तर वारकरी, शेतकरी आणि कामगार या तिघांचेंही मत तींत येईल. आणि पाळी संपवून आलेल्या तरुणाचे प्रश्न कदाचित् सर्वांत कठीण असतील.

हें काम जाहिरातदार करणार नाहीं, कारण त्यास त्याचें प्रयोजन नाहीं. तें वाचकांनीं व श्रोत्यांनींच अंगावर घेतलें पाहिजे. आजवर मोजले जाणें एवढेंच त्यांच्या वांट्यास आलें होतें. उलट टपालीं एक पत्र पाठविणें हें त्यांच्या हातीं पूर्वीं होतें, व आजही आहे.